इच्छा: तत्त्वज्ञान, चित्रपट, कला आणि विज्ञान यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा तालुक्यात एका देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या निवासात) दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा लहानसा अभ्यासवर्ग भरतो. निवृत्त शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, भजनी मंडळातील दोघे-तिघे आणि नोव्हेंबरात पणजीच्या चित्रपट महोत्सवासाठी कामावर रजा टाकणारे काही चित्रपटवेडे, अशी ही मंडळी आहेत. यंदा वर्षभरासाठी 'इच्छा' हा विषय घेतला आणि पहिल्या तीन बैठकांतच असे दिसून आले की, प्रत्येक नवा माणूस थोड्याफार फरकाने तेच प्रश्न घेऊन येतो. ते प्रश्न आणि माझ्या कुवतीप्रमाणे दिलेली त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. वर्गातील सर्वांना ती मान्य आहेत, असे समजू नये.

'इच्छा' हा विषय म्हणजे आडवळणाने लैंगिकतेचाच विषय ना?

हा प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारला जातो, आणि त्याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. आजारी माणसाची जेवणावर वासना नसते, गरोदर बाईला डोहाळे लागतात, घरातल्या म्हाताऱ्यांना नातवंडांची आस असते, गायकाला सुराचा ध्यास असतो, नव्या नवरीची हौस पुरवली जाते आणि दुसऱ्याच्या बागायतीची हाव धरणाऱ्याला सगळा गाव नावे ठेवतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहावा, म्हणजे मराठीने इच्छेची केवढी बारीक वर्गवारी केली आहे ते कळते. हौस आणि हाव यांची वस्तू एकच असू शकते. फरक पडतो तो इच्छा करणाऱ्याचे त्या वस्तूशी आणि भोवतालच्या माणसांशी काय नाते आहे, यात. त्याहून गमतीची गोष्ट अशी की, पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' असे लिहितो आणि आमच्याकडे कोकणीतून निरोप घेताना 'मोग आसूं दी', म्हणजे प्रेम असू द्या, असे म्हणतात. लोभ हा तर षड्रिपूंपैकी एक, आणि 'मोग' कानावर पडताच दुसरा रिपू 'मोह' आठवल्याशिवाय राहत नाही.

ज्या ग्रंथाचे नाव घेताच माणसे माना खाली घालतात, त्या कामसूत्रातही वात्स्यायनाने कामाची व्याख्या केली आहे ती अशी: कान, त्वचा, डोळे, जीभ आणि नाक यांची, मनाच्या अधिष्ठानाखाली, आपापल्या विषयांकडे होणारी अनुकूल प्रवृत्ती. या व्याख्येत भैरवी ऐकण्याची ओढही बसते आणि तिरफळे घातलेल्या बांगड्यांच्या हुमणाची (मासळीच्या कालवणाची) आठवणही. ग्रंथाच्या सात अधिकरणांपैकी एकच प्रत्यक्ष शरीरसंबंधाविषयी आहे. लैंगिक इच्छा हा या विषयाचा मोठा प्रांत आहे आणि आम्ही तो टाळत नाही, पण संपूर्ण मुलूख तेवढाच नव्हे.

काम हा पुरुषार्थांतही आहे आणि षड्रिपूंतही. एकच गोष्ट साध्य आणि शत्रू कशी असेल?

ही विसंगती जुनी आहे आणि ती लपवण्याचा प्रयत्न कोणी केलेला नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो की, मनात नसताना माणूस पापाकडे का ओढला जातो, आणि उत्तर मिळते, 'काम एष क्रोध एष'. त्याच गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, 'धर्माविरुद्धो भूतेषु कामोऽस्मि', म्हणजे धर्माला विरोध न करणारा काम तो मीच. आणखी मागे गेले तर ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात, सत् आणि असत् यांच्याही आधीच्या त्या अंधारात, मनाचे पहिले बीज म्हणून प्रकट होतो तोही कामच.

माझ्या समजुतीप्रमाणे या दोन याद्या दोन वेगळ्या माणसांसाठी आहेत. पुरुषार्थांची यादी संसार करणाऱ्याची आहे, आणि संसारात कामाला धर्म व अर्थ यांच्याबरोबर मांडी घालून बसावे लागते. रिपूंची यादी साधकाची आहे, आणि तो एकांतात बसलेला असल्यामुळे त्याच्या कामाला शेजारी कोणी उरलेले नाही. एकट्या पडलेल्या इच्छेचे काय होते, हे पुढच्या दोन उत्तरांत येईल.

हवे ते मिळाले की इच्छा शमते, हे खरे का?

ययातीने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली म्हातारपण आलेला हा राजा धाकटा मुलगा पुरू याचे तारुण्य मागून घेतो, दीर्घकाळ भोग भोगतो आणि शेवटी म्हणतो, 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति'. आगीत तूप ओतावे तशी ती अधिकच भडकते. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये या कथेवर कादंबरी लिहिली आणि तिला पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हा श्लोक उपदेश म्हणून वाचण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यात एक निरीक्षण आहे, हे आपण विसरतो. हवेपण आणि मिळाल्याचा आनंद यांचे मोजमाप वेगवेगळे आहे, असे ते निरीक्षण आहे, आणि विज्ञानाला ते प्रयोगशाळेत भेटायला १९५४ नंतर बराच काळ जावा लागला.

त्या वर्षी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विद्युत्अग्रे बसवली होती. उंदराला स्वतःच खटका दाबून मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याची सोय करून दिली, तेव्हा मेंदूच्या विशिष्ट भागांत तार असलेले उंदीर तो खटका न थांबता दाबत राहिले. पुढच्या प्रयोगांत तर तासाला दोन-दोन हजार वेळा. मेंदूतले 'सुखकेंद्र' सापडले, असा सगळ्यांचा समज झाला. पण त्या उंदरांना खरोखर सुख होत होते की नुसतेच 'आणखी एकदा' वाटत होते, हा प्रश्न पुष्कळ वर्षे कोणी नीट विचारला नाही.

डोपामीन हे आनंदाचे रसायन आहे, असे सगळीकडे वाचायला मिळते. ते चूक आहे का?

अर्धवट आहे. अमेरिकेतील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ संपूर्ण नाहीसे केले. हे उंदीर समोर अन्न असूनही तोंड लावीनात, नळीने भरवले नाही तर उपाशी मेले असते. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले की, ते इतर उंदरांसारखेच मिटक्या मारीत. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. उलट डोपामीन वाढवल्यावर उंदीर गोडासाठी जास्त धडपडत, पण गोड त्यांना जास्त आवडत असल्याची कोणतीही खूण दिसत नसे. हवे असणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, असा सिद्धान्त त्यांनी यावरून मांडला.

दुसरा धागा वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांचा आहे. अचानक फळाचा रस मिळाला की, माकडाच्या डोपामीन-पेशी चेतत. रसाआधी दिवा लागतो, हे माकड शिकले की, त्या दिव्यालाच चेतत आणि प्रत्यक्ष रसाला गप्प राहत. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंद होई. म्हणजे मेंदू जमाखर्च ठेवतो तो अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतराचा. चतुर्थीचा दिवस उजाडतो तेव्हा चतुर्थीची निम्मी गंमत संपलेली असते, असे माझी आजी म्हणत असे. माकडाच्या डोक्यात तार न घालता तिला हे कळले होते.

श्रावणाचेही तसेच आहे. एरवी आठवड्यातून चार दिवस मासळी खाणारा माणूस त्या दिवशीच्या ताटात काय आहे हे विसरूनही जातो, पण श्रावणाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला सुंगटांची (कोळंबीची) स्वप्ने पडू लागतात.

मांडवीतल्या कॅसिनोंचा या विषयाशी संबंध आहे का?

थेट आहे. पणजीच्या समोर नदीत नांगरलेल्या त्या दिव्यांनी मढलेल्या बोटींवर जे चालते, त्याचे तत्त्व मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर तपासलेले आहे. दर दहाव्या टोचीला दाणा मिळणारे कबूतर दाणा मिळाला की थोडे विसावते. पण दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी चाळिसाव्या टोचीला मिळू लागला, तर ते विसावतच नाही आणि दाणे बंद केल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहते. जुगाराचे यंत्र याच बेभरवशाच्या हिशेबावर चालते. त्यात 'थोडक्यात हुकणे' ही आणखी एक भर असते: तीनपैकी दोन चित्रे जुळून तिसरे एका घराने चुकले की, खेळणाऱ्याच्या मेंदूतील जिंकण्याशी निगडित भाग चेततात आणि त्याला पुन्हा खेळावेसे वाटते, जरी पैशांच्या हिशेबात तो निव्वळ हरलेला असतो.

याची सर्वांत अस्वस्थ करणारी साक्ष वैद्यकातून येते. कंपवाताच्या काही रुग्णांना डोपामीनसारखे काम करणारी औषधे दिल्यावर, आयुष्यात कधी पत्त्यांना हात न लावलेल्या माणसांना जुगाराचे, खरेदीचे किंवा लैंगिक अनावरतेचे वेड लागल्याच्या नोंदी आहेत, आणि डॉक्टरांनी औषध बदलल्यावर किंवा कमी केल्यावर ते वेड बहुधा ओसरते. (घरात असा रुग्ण असेल, तर औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.) त्या काळातली ती इच्छा कोणाची म्हणावी, रुग्णाची की गोळीची? वर्गात यावर एक संपूर्ण दुपार गेली आणि एकमत झाले नाही.

माझी इच्छा माझीच असते का?

पुष्कळदा नसते. फ्रेंच विचारवंत रेने जिरार यांनी १९६१ मध्ये असे मांडले की, माणूस एखादी वस्तू सरळ इच्छीत नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी हवी आहे, हे पाहून त्याला ती हवीशी होते. त्यांनी उदाहरणे युरोपीय कादंबऱ्यांतून घेतली. आपल्याकडे चतुर्थीत गणपतीच्या वर फळे बांधून टांगतात ती माटोळी पाहिली तरी पुरे. महिनाभर रानात लोंबणाऱ्या फळाकडे ज्याने ढुंकूनही पाहिले नाही, तोच शेजाऱ्याच्या माटोळीला ते फळ बांधलेले दिसताच मुलांना पिटाळतो.

या प्रश्नाला गोव्याचे एक स्वतःचे उत्तर आहे आणि ते पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला पुतळ्याच्या रूपाने उभे आहे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करीत, तेव्हा माणसाला ग्लानी आणणारी शक्ती प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवात असते, असा मेस्मरच्या अनुयायांचा दावा होता. फारियांनी तो नाकारला. द्रव वगैरे काही नसून कारण त्या निद्रिस्त होणाऱ्या माणसाच्याच मनात, त्याच्या एकाग्रतेत आणि अपेक्षेत असते, असे ते म्हणाले; १८१९ मध्ये, ज्या वर्षी ते वारले, त्यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले. पुतळ्यात ते एका स्त्रीवर हात पसरून वाकलेले दिसतात, त्यामुळे सगळी ताकद त्यांच्या बोटांत आहे, असे पर्यटकांना वाटते. फारियांचे म्हणणे नेमके याच्या विरुद्ध होते. सूचना बाहेरून येते, पण तिला आत पाट मांडलेला असावा लागतो. जाहिरातीचे सगळे शास्त्र एवढ्यात येते, असे मला वाटते.

तत्त्वज्ञ स्पिनोझा याहून एक पाऊल खोल गेला. एखादी गोष्ट चांगली आहे, असे ठरवून आपण तिची इच्छा धरत नाही, तर तिची इच्छा धरतो म्हणून ती आपल्याला चांगली वाटते, असे त्याने आपल्या 'नीतिशास्त्र' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात लिहिले. तो ॲमस्टरडॅममध्ये जन्मला, पण त्याचे घराणे पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंचे होते; ज्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, भयाने असे ज्यू देशोधडीला लागले, तिचेच न्यायासन १५६० पासून गोव्यात बसले आणि १८१२ मध्ये कायमचे उठले. माणसांच्या अंतःकरणातील इच्छा कागदावर नोंदवून शिक्षेस पात्र ठरवण्याचा एवढा दीर्घ प्रयोग आपल्याच भूमीवर झाला, हे लक्षात ठेवून स्पिनोझा वाचला, तर तो परका वाटत नाही.

इच्छा सोडण्याची इच्छा हीसुद्धा इच्छाच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण बुद्धाला पेचात पकडले, असे वाटत असते; पण संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने कौशाम्बीच्या घोषिताराम विहारात बुद्धाचा शिष्य आनंद याला हाच प्रश्न विचारला आहे. आनंदाने उलट विचारले: या विहारात येण्यापूर्वी तुला येथे येण्याची इच्छा होती ना? होती. आणि येऊन पोहोचल्यावर ती इच्छा शमली ना? शमली. तसेच हे. बौद्ध परंपरा ज्या तण्हेला (तृष्णेला) दुःखाचे मूळ म्हणते तिचे तीन प्रकार आहेत, विषयांची, असण्याची आणि नसण्याची; त्यातील तिसरा विशेष ध्यानात घ्यावा, कारण सगळे सोडून नाहीसे होण्याची ओढ हीही तेथे तण्हाच मानली आहे.

संतांनी तर इच्छा मारायलाच सांगितले आहे, मग त्यांना या अभ्यासात का घ्यावे?

इच्छा मारणारा माणूस 'पैल तो गे काऊ कोकताहे' असे लिहीत नाही. कावळ्याला दहीभाताची उंडी देऊ करून पंढरीच्या रायाच्या येण्याचा शकुन विचारणारी ज्ञानदेवांची विरहिणी ही इच्छेचीच कविता आहे, आणि नाट्यशास्त्राच्या भाषेत तिला विप्रलंभ, म्हणजे विरहातला, शृंगार म्हणावे लागेल. तुकोबा तर सरळ मागणीच करतात, 'हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा', आणि पुढे मुक्ती, धन, संपदा यांपैकी काहीही नको म्हणून पुन्हा गर्भवासाची तयारी दाखवतात. ज्या मोक्षासाठी सगळ्या इच्छा सोडायच्या, तोच मोक्ष एका इच्छेपायी नाकारणारा हा माणूस आहे. वैराग्याचे अभंग पुष्कळ आहेत, हे खरे. पण ते एका ओढीच्या बळावर दुसऱ्या ओढी सोडणाऱ्याचे अभंग आहेत.

चित्रपटात इच्छा 'दाखवतात' म्हणजे नेमके काय करतात?

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी मूकपटांच्या काळात एका नटाचा निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांशेजारी जोडला: सूपाची वाटी, शवपेटी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक आणि एकदा शोक दिसला. इच्छा चेहऱ्यावर नव्हती. दोन चित्रांमधल्या फटीत प्रेक्षकाने ती ओतली होती. सगळा चित्रपट या फटीवर उभा आहे, आणि म्हणून चुंबनापेक्षा चुकलेली नजर पडद्यावर अधिक जाळते.

सत्यजित राय यांचा १९६४ चा 'चारुलता' आम्ही दोनदा पाहिला. सुरुवातीला चारू खिडक्यांच्या फटींतून दुर्बिणीने रस्त्यावरची माणसे पाहते, आणि तीच दुर्बीण आपल्याजवळून पुस्तक वाचत निघून जाणाऱ्या नवऱ्याच्या पाठीवर धरते. हाताच्या अंतरावरचा माणूस दुर्बिणीतून पाहावा लागतो, एवढ्यात त्या लग्नाची सगळी हकिगत आली. पुढे बागेत झोपाळ्यावर झुलताना तिची नजर नवऱ्याच्या चुलतभावावर, अमलवर, जाते आणि तिला स्वतःविषयी काहीतरी कळते. काय कळते ते राय बोलून दाखवत नाहीत. वाँग कार-वाय यांच्या 'इन द मूड फॉर लव्ह' या २००० सालच्या चित्रपटात तर दोन शेजारी अरुंद जिन्यावरून एकमेकांना अंग चोरून वाट देतात, आणि त्यापलीकडे फारसे काही घडत नाही. आमच्या वर्गातील एका आजींनी तो पाहून 'हा तर मांडो आहे' असा अभिप्राय दिला. मांडो या गोव्यातील गीतप्रकारात निरोपाची वेळ आलेली असते आणि गाणे तेथेच रेंगाळत राहते. त्या आजींच्या लहानपणी गोव्यातील पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांत या हुरहुरीला 'सौदाद' म्हणत.

स्पॅनिश दिग्दर्शक बुन्युएलने १९७७ मध्ये आपल्या शेवटच्या चित्रपटात गंमत केली: नायक जिच्या मागे लागला आहे, ती एकच स्त्री दोन नट्यांनी आलटून पालटून साकारली आहे. नायकाच्या ते लक्षातही येत नाही. ज्याला 'तीच' हवी असते त्याने तिच्याकडे पाहिलेले असते का, हा प्रश्न यापेक्षा थोडक्यात कोणी विचारल्याचे मला माहीत नाही. हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'तील नायक तर समोरच्या जिवंत बाईला मेलेल्या बाईचे कपडे आणि केशरचना चढवायला लावतो.

हे सगळे पाहणाऱ्या पुरुषांविषयी झाले. जिच्याकडे पाहिले जाते तिच्या इच्छेचे काय?

हा प्रश्न आमच्या वर्गातील मुलींनी विचारला आणि त्यानंतर वर्षाचा आराखडा बदलावा लागला. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ च्या निबंधात दाखवून दिले की, हॉलिवूडचा कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याच्या जागी उभा असतो आणि स्त्री ही 'पाहिली जाण्यासाठी' मांडलेली असते. गोव्याला हे कळण्यासाठी हॉलिवूडची गरज नव्हती. येथील देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतील स्त्रिया गात, नाचत, आणि यजमानांच्या इच्छेवर त्यांचे आयुष्य ठरे. त्यांना काय हवे आहे, हे नोंदवून ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्याच घराण्यांतून हिंदुस्थानी संगीतातील काही अत्युच्च आवाज आले. फोंडा तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांच्या सुवर्णतबकडीवर अवकाशात गेली. दुसरे यान सुटले ते ५ सप्टेंबरला, आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेला केसरबाई वारल्या. कुठे चाललीस, असे विचारणारा तो आवाज २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडला.

मराठी चित्रपटात या प्रश्नाची सरळ मांडणी जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त (१९८२) आहे. स्मिता पाटील यांनी उभी केलेली सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम करायला घराबाहेर पडते. तिला हवे आहे ते काम, आणि हे हवेपण घरातल्यांना इतके अनोळखी आहे की, त्यांच्याजवळ त्यासाठी हट्ट याखेरीज शब्द नाही. पुरुषाच्या बाबतीत त्यालाच ध्यास म्हटले असते.

नवस म्हणजे देवाशी केलेला सौदाच नाही का?

सौदा आहे, पण साक्षीदारांसमोर केलेला. आमच्याकडे देवाला पाकळ्या लावून प्रसाद (कौल) मागतात, तेव्हा मनातली गोष्ट भटजींना किंवा गुरवाला उघड सांगावी लागते. ती गाऱ्हाण्यात मोठ्याने उच्चारली जाते, आणि मग उजवी पाकळी पडते की डावी, याकडे सगळे पाहत बसतात. जी इच्छा चारचौघांत बोलवत नाही ती येथेच गळून पडते. प्रसाद लागण्यापूर्वीच काही काम झालेले असते, असे मी समजतो.

नवसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना लहानपणी देवी आल्या, तेव्हा त्यांच्या आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस केला की, हा वाचला तर पाद्री होईल. 'फ्रान्सिस' हे नाव त्या नवसातून आले. मुलगा वाचला, पाद्री मात्र झाला नाही. त्याने नग्न देह आणि सुळावरचे ख्रिस्त सारख्याच आडदांड रेषेत रंगवले, १९४९ मध्ये मुंबईत त्याची चित्रे अश्लील म्हणून प्रदर्शनातून काढण्यात आली आणि त्याच वर्षी तो लंडनला गेला. आईची इच्छा आणि मुलाची इच्छा एकाच नावात राहिल्या.

धार्मिक कलेत इच्छेला जागा असते का?

बर्निनीने १६५२ मध्ये पूर्ण केलेले संत तेरेसाचे शिल्प रोममध्ये आहे. तिच्या चेहऱ्यावरील भाव भक्तीचा की देहसुखाचा, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याचे कारणही मला दिसत नाही, कारण स्वतः तेरेसाने आपला अनुभव एकाच वेळी वेदनेच्या आणि गोडीच्या भाषेत लिहिला आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवला, तो मात्र शांत आहे. तेथे इच्छा भक्तांकडून येते. झेवियरचा देह १५५४ मध्ये गोव्यात दर्शनासाठी ठेवला, तेव्हा एका पोर्तुगीज बाईने पायाचे चुंबन घेताना अंगठा चावून नेला, असे परंपरेने सांगितले जाते.

लहानपणी संयम असलेली मुले पुढे यशस्वी होतात, हे सिद्ध झाले आहे ना?

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगात खाऊची एक गोळी लगेच किंवा थांबल्यास दोन, असा पर्याय लहान मुलांपुढे ठेवला होता, आणि थांबणारी मुले पुढे सरस ठरली, असा बोलबाला झाला. नऊशेहून अधिक मुलांवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात मात्र घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो परिणाम बराचसा विरला. ज्या घरात 'उद्या देतो' हे वचन पाळले जात नाही, तेथे आजच खाणे हा शहाणपणा असतो. पालकांनी मुलांना गोळीपुढे बसवू नये.

पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा 'वासना अडकली' म्हणतात. यावर विश्वास ठेवावा का?

कावळ्यावर ठेवावा की नाही, ते आपण ठरवावे. माझ्या आत्याच्या दहाव्याला तासभर कावळा फिरकला नाही. मुलाने घराचे, पैशांचे, बहिणीचे, सगळे शब्द देऊन झाले. शेवटी धाकटी सून पुढे होऊन म्हणाली, 'तुमच्या माडांना मी शिंपणे घालीन', आणि कावळा आला. योगायोग असेल. पण त्या तासाभरात मेलेल्या माणसाला काय हवे होते, याचा घरातल्या सगळ्यांनी मिळून जो विचार केला, तो ती जिवंत असताना कोणी केला नव्हता, आणि सुनेला ते आधीपासून ठाऊक होते.

पसायदानात 'जो जें वांछील तो तें लाहो' म्हटले आहे. प्रत्येकाला हवे ते मिळाले तर अनर्थ होणार नाही का?

रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीच्या १९७९ च्या 'स्टॉकर' या चित्रपटात हीच भीती आहे. निषिद्ध प्रदेशात एक खोली असते, तेथे पोहोचणाऱ्याची अंतर्यामीची इच्छा पुरी होते. साळिंदर या टोपणनावाचा वाटाड्या भावाचे प्राण मागायला तेथे जातो आणि घरी परतल्यावर त्याला मिळते ती अमाप संपत्ती, कारण खोलीने ओठांवरचे न ऐकता आतले ऐकलेले असते. तो गळफास घेतो. पुढे जे लोक त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतात, ते आत पाऊल टाकत नाहीत.

ज्ञानदेवांनी ही ओवी कोठे ठेवली आहे ते पाहावे. तिच्या आधी 'जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो, भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें' अशी मागणी येते, मग दुरिताचा अंधार जातो, आणि त्यानंतर कोठे जो तो वांछील ते त्याला मिळू लागते. खळांचा नाश मागितलेला नाही आणि त्यांची इच्छा विझावी, असेही मागितलेले नाही. मागितली आहे ती रती, आणि तीही वाढावी. हा शब्द भरताने शृंगाराच्या स्थायीभावाला दिलेला आहे, कामदेवाच्या पत्नीचे नावही तेच. साळिंदराच्या खोलीत आणि पसायदानात वर एकच आहे, 'हवे ते मिळो'. फक्त खोलीला आधीच्या दोन ओळी माहीत नाहीत.

या उत्तरावर आमच्या वर्गातील एका कीर्तनकारांचा आक्षेप आहे की, ज्ञानदेव येथे वाङ्मययज्ञाने तोषलेल्या विश्वात्मक देवाकडे कृपा मागत आहेत, क्रमवार अभ्यासक्रम आखत नाहीत. आक्षेप वजनदार आहे आणि पुढच्या बैठकीत तो त्यांनीच मांडावा, असे ठरले आहे.

वर्गाला येण्यापूर्वी काही वाचून यावे लागते का?

नाही. 'चारुलता' पाहून आल्यास उत्तम. सत्र साडेतीन वाजता सुरू होते, अग्रशाळेत पंखा एकच आहे, आणि चहा पाच वाजता मिळतो, त्याआधी विचारू नये.